आयर्लंड : दुखापतीच्या दाव्याचं पत्र महिन्याच्या आत गेलं नाही, तर कोर्टखर्च कोणाच्या माथी?

नाशिककर_डब्लिन

नमस्कार मंडळी. आयर्लंडमधले दुखापतीचे दावे ज्यांना नीट माहीत आहेत त्यांच्याकडून नेमकी माहिती हवी आहे.

प्रकरण असं. सासूबाई (वय ६६) व्हिजिटर व्हिसावर डब्लिनला आल्या होत्या. ३ मार्चला एका शॉपिंग सेंटरच्या आतल्या पॅसेजमध्ये ओल्या फरशीवरून घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. फरशी नुकतीच पुसलेली होती, पिवळी पाटी कुठेच नव्हती. सिक्युरिटीवाल्याने जागेवरच अपघाताचा फॉर्म भरला, पण प्रत दिली नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल, एक्स-रे, प्लास्टर. एप्रिल अखेरीस त्या नाशिकला परतल्या. मनगट अजून पूर्ण वळत नाही, फिजिओ चालू आहे.

आता मे महिना अर्धा सरला. काल कळलं की इथे एका महिन्याच्या आत समोरच्याला लेखी पत्र द्यावं लागतं. ते दिलेलं नाही. माझे प्रश्न :

१. दावा बुडाला का?
२. दावा जिंकला तरी वकिलाचा सगळा खर्च आपल्यालाच पडणार का?
३. आता पत्र पाठवून काही उपयोग आहे का, आणि ते आपण स्वतः लिहिलं तर चालतं का?

पराग_गॉलवे

दोन वर्षांची मुदत असते हो ताई. इतकी घाई करू नका. आधी हात बरा होऊ दे, मग वकील गाठा.

वसंत_कॉर्क

परागराव, दोन वर्षांची मुदत आहे हे खरं, पण ती दावा दाखल करण्याची. ताई विचारताहेत ती मुदत वेगळी आहे, आणि "हात बरा होऊ दे" म्हणून थांबल्यानेच तिथे पैसे जातात.

सिव्हिल लायबिलिटी अँड कोर्ट्स अॅक्ट, २००४ मधलं सेक्शन ८ हे या प्रश्नाचं मूळ. ज्याच्या चुकीमुळे इजा झाली असं तुमचं म्हणणं आहे, त्याला काय चूक झाली ते सांगणारी लेखी नोटीस ठरावीक मुदतीत द्यायची. सुरुवातीला ही मुदत दोन महिने होती. २०१८ च्या कायद्याने ती एक महिना केली आणि २८ जानेवारी २०१९ पासून ती लागू आहे. त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला. नोटीस उशिरा गेली तर कोर्ट पूर्वी त्याची दखल घेऊ "शकत" होतं, आता दखल "घेतलीच पाहिजे". एक महिना का, तर दुकानांतलं सीसीटीव्हीचं फुटेज बऱ्याच ठिकाणी तीसेक दिवसांत पुसलं जातं. पत्र दोन महिन्यांनी आलं की समोरच्याकडे तपासायला काही उरत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. दावा बुडालेला नाही. सेक्शन ८ मुळे दावा फेटाळला जात नाही, भरपाईची रक्कमही थेट कापली जात नाही. ते दोनच गोष्टी करतं. एक, उशिरावरून कोर्ट योग्य वाटेल तो निष्कर्ष काढतं. म्हणजे "इतकं लागलं होतं तर लगेच का कळवलं नाही?" हा प्रश्न तुमच्या साक्षीवर येऊन बसतो. दोन, खर्चाच्या हुकुमात तुम्हाला अजिबात खर्च न देणं किंवा मिळणाऱ्या खर्चातून काही रक्कम कापणं.

पण याला दोन अटी आहेत, त्या बारकाईने वाचा. उशीर "वाजवी कारणाशिवाय" झालेला असला पाहिजे. आणि खर्च नाकारणं किंवा कापणं "न्यायाच्या दृष्टीने आवश्यक" असेल तरच. म्हणजे दखल घेणं सक्तीचं, शिक्षा सक्तीची नाही. तुमच्या बाबतीत सिक्युरिटीने त्याच दिवशी फॉर्म भरला हा मोठा आधार आहे. सेंटरला पहिल्या दिवसापासून अपघात माहीत होता, त्यामुळे "आम्हाला तपासाची संधीच मिळाली नाही" हे त्यांना सहज म्हणता येणार नाही. मात्र तो फॉर्म म्हणजे सेक्शन ८ ची नोटीस असं समजू नका. "बाई पडल्या" एवढंच त्यात असतं. सेंटरची चूक काय, हे त्यात नसतं.

महिना कधीपासून मोजायचा तेही लक्षात ठेवा. अपघाताची तारीख किंवा "कळल्याची तारीख", यातली जी नंतरची असेल ती. कळल्याची तारीख म्हणजे इजा झाली, ती दखल घेण्याजोगी आहे, अमुक चुकीमुळे झाली आणि ती चूक कोणाची, हे कळलं तो दिवस. सेंटरच्या बाबतीत तुमचा महिना २ एप्रिलला संपला. पण फरशी पुसणारी कंपनी बाहेरची ठेकेदार असेल आणि तिचं नाव तुम्हाला आज-उद्या कळलं, तर तिच्यापुरता महिना तेव्हापासून मोजण्याचा मुद्दा मांडता येतो. अट एवढीच की नाव शोधायला तुम्ही वाजवी प्रयत्न केलेले असावेत. नाव शोधलंच नाही आणि मग "कळलं नव्हतं" म्हटलं, तर ते टिकत नाही.

वाजवी कारण म्हणून काय चालतं? माणूस हॉस्पिटलमध्ये पडून आहे, शुद्धीवर नाही, ऑपरेशन झालंय, समोरचा कोण ते कळत नाही, ही भक्कम कारणं. "कायदा माहीत नव्हता" आणि "दुखणं जाईल असं वाटलं" ही कच्ची. तुमच्या पत्रात जे खरं आहे तेच लिहा : ६६ वर्षांच्या, परदेशातून आलेल्या, मोडलेला हात प्लास्टरमध्ये, इंग्रजी मर्यादित (तसं असेल तर), मागितलेल्या फॉर्मची प्रत मिळाली नाही. कारण फुगवू नका. आणि पत्रावर मागची तारीख तर अजिबात टाकू नका. याच कायद्याच्या सेक्शन २६ खाली जाणूनबुजून खोटा किंवा दिशाभूल करणारा पुरावा दिला तर अख्खा दावा फेटाळला जातो. शिवाय तो गुन्हाही आहे.

पत्र आजच पाठवा. दहा आठवड्यांचा उशीर आणि दहा महिन्यांचा उशीर यात कोर्टाला फरक दिसतो.

सीमा_लिमरिक

वसंतरावांनी कायदा सांगितला, मी पत्राचं सांगते. ते वकिलानेच लिहिलं पाहिजे असं काही नाही. तुम्ही किंवा सासूबाई लिहू शकता. सही त्यांची असावी. नाशिकहून सही करून स्कॅन मागवा, मूळ कागद नंतर कुरिअरने येऊ द्या.

सगळ्यात जास्त चुका पत्ता आणि नावात होतात. दुकानावरची पाटी हे व्यापारी नाव असतं, कायद्याच्या लेखी अस्तित्व कंपनीचं. कंपनीज रजिस्ट्रेशन ऑफिसच्या साइटवर शोधून नेमकं नाव आणि नोंदणीकृत पत्ता घ्या. शॉपिंग सेंटरमध्ये साधारण तीन-चार पक्ष निघतात : जागेची मालक कंपनी, सेंटर चालवणारी मॅनेजमेंट कंपनी, सफाईचा ठेकेदार, आणि पॅसेज कुठल्या दुकानाच्या ताब्यात असेल तर ते दुकान. नाव चुकलं तर पुढे इन्ज्युरीज रिझोल्यूशन बोर्डाची (कोर्टात जाण्याआधी दुखापतीचा दावा जिथे न्यावा लागतो ती सरकारी संस्था) परवानगी चुकीच्या कंपनीवर निघते आणि ज्यावर दावा लावायचा तो हातातून सुटतो. बोर्डाचं पूर्वीचं नाव पीआयएबी, ते २०२३ मध्ये बदललं. जुने लेख वाचताना गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

पक्ष अनेक आणि चूक कोणाची हे नक्की नसेल, तर सगळ्यांना एकाच वेळी "ओ'बर्न लेटर" पाठवतात. आयर्लंडच्या वकिलांत हा अगदी रोजचा शब्द आहे. त्यात लिहायचं की अपघाताला तुमच्यापैकी एक किंवा सगळे जबाबदार आहात. ठरावीक दिवसांत कोणी जबाबदारी मान्य केली नाही तर सगळ्यांवर दावा लावू आणि जो निर्दोष सुटेल त्याचा खर्च दोषी ठरणाऱ्याकडून मागताना हे पत्र कोर्टापुढे ठेवू. कोर्टाला तसा हुकूम देता येतो तो कोर्ट्स ऑफ जस्टिस अॅक्ट, १९३६ च्या सेक्शन ७८ मुळे. हे पत्र नसेल आणि तिघांवर दावा लावून एकावरच जिंकलात, तर उरलेल्या दोघांचा खर्च तुमच्या अंगावर येण्याचा धोका वाढतो. उशिराच्या कापाकापीपेक्षा हा फटका मोठा बसू शकतो, आणि याकडे लोक लक्षच देत नाहीत.

पत्रात एवढं असू द्या. सासूबाईंचं पूर्ण नाव, जन्मतारीख, नाशिकचा आणि डब्लिनचा पत्ता. तारीख, अंदाजे वेळ, नेमकी जागा ("मुख्य दाराकडून लिफ्टकडे जाणारा पॅसेज, अमुक दुकानासमोर"). काय झालं ते दोन वाक्यांत. चूक काय : फरशी ओली ठेवली, पाटी लावली नाही, वाट अडवली नाही, पुसल्यावर कोरडी झाली का ते पाहिलं नाही. इजा काय आणि कुठे उपचार. उशिराचं कारण. शेवटी मागण्या : त्या दिवसाचं फुटेज, अपघाताचा फॉर्म, त्या दिवसाची सफाईची नोंदवही आणि सफाई ठेकेदाराचं नाव जपून ठेवा आणि आम्हाला द्या. इन्शुरन्स कंपनीचं नावही कळवा.

जास्त लिहू नका. पडताना कुठला पाय आधी घसरला, डोकं आपटलं की नाही, असलं नक्की आठवत नसेल तर गाळा. पुढे बोर्डाच्या अर्जात, समन्समध्ये (इथे दावा मांडणाऱ्या कोर्टाच्या कागदाला समन्स म्हणतात) आणि साक्षीत वेगळं आलं की समोरचा बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारा वकील) हेच पत्र हातात धरून उलटतपासणी घेतो.

पाठवायचं कसं : नोंदणीकृत पत्त्यावर अॅन पोस्टच्या रजिस्टर्ड पोस्टने, सोबत ईमेलने पीडीएफ. रजिस्टर्ड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगची "डिलिव्हर्ड" असं दाखवणारी प्रिंट जपा. फक्त सेंटरच्या इन्शुरन्स कंपनीला पाठवून थांबू नका. नोटीस चूक करणाऱ्याला द्यायची असते.

फुटेजसाठी वेगळा अर्ज करा, दाव्याच्या पत्रात मिसळू नका. जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याखाली सासूबाईंचं चित्रण ही त्यांची वैयक्तिक माहिती आहे. सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट (आपली माहिती मागण्याचा अर्ज) फुकट असते आणि महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. तारीख, वेळेचा पट्टा, जागा आणि त्या दिवशीच्या कपड्यांचं वर्णन द्या (साडीचा रंग, स्वेटर), ओळख म्हणून पासपोर्टची प्रत. दहा आठवड्यांनी फुटेज गेलं असण्याची शक्यता मोठी, तरी मागाच. फॉर्म भरला गेला की बऱ्याच ठिकाणी तेवढा तुकडा बाजूला काढून ठेवतात. "पुसलं गेलं" असं लेखी आलं तर तेही कामाचं, कारण अपघात माहीत असूनही त्यांनी ते जपलं नाही.

आणि त्या दिवशीच्या चपला किंवा बूट धुऊ नका, फेकू नका. तळव्याचे फोटो काढा, खाचा स्पष्ट दिसतील असे, शेजारी पट्टी ठेवून. "तळवे गुळगुळीत झाले होते" हा समोरच्याचा ठरलेला बचाव असतो.

वसंत_कॉर्क

सीमाताईंनी पत्राचं सगळं सांगितलं. आता ताईंचा दुसरा प्रश्न, खर्चाचा. इथे दोन वेगळी बिलं असतात आणि लोक ती एक समजतात.

एक बिल तुमच्या सॉलिसिटरचं (तुमचं प्रकरण सांभाळणाऱ्या वकिलाचं) तुमच्याकडे. दुसरी रक्कम म्हणजे हरलेल्या पक्षाने जिंकलेल्याला द्यायचा खर्च. लीगल सर्व्हिसेस रेग्युलेशन अॅक्ट, २०१५ च्या सेक्शन १६९ प्रमाणे जिंकणाऱ्याला सहसा खर्च मिळतो, पण तो तुमच्या पूर्ण बिलाएवढा क्वचितच असतो. मधला फरक तुमचा. सेक्शन ८ ची कात्री फक्त दुसऱ्या रकमेला लागते. पहिलं बिल तसंच राहतं, म्हणून कापलेला प्रत्येक युरो तुमच्या भरपाईतून जातो.

आकडे घालून पाहू, निव्वळ उदाहरण म्हणून. भरपाई २०,००० युरो. तुमच्या बाजूचं सगळं बिल व्हॅट धरून १२,०००. त्यातलं समोरच्याकडून वसूल होण्याजोगं ९,०००. उशीर नसता तर ३,००० तुमच्या खिशातून आणि हाती १७,०००. न्यायाधीशांनी उशिरापोटी ३,००० कापले तर समोरून ६,००० येतात, तुम्ही ६,००० भरता, हाती १४,०००. आणि खर्च पूर्ण नाकारला तर हाती ८,०००. जिंकूनही अर्ध्याहून जास्त गेले.

यात आणखी एक सापळा आहे. दुखापतीच्या दाव्यात डिस्ट्रिक्ट कोर्टाची मर्यादा १५,००० युरो, सर्किट कोर्टाची ६०,०००, त्यावर हायकोर्ट. सर्किटमध्ये दावा लावला आणि निकाल १२,००० चा लागला, तर खर्च खालच्या कोर्टाच्या ठरलेल्या दराने मिळतो. वर समोरच्याला सर्किटमध्ये जो जादा खर्च झाला तोही भरायला लावता येतो (कोर्ट्स अॅक्ट, १९८१, सेक्शन १७). मनगटाच्या साध्या मोडीत कोर्ट निवडताना हा हिशेब सॉलिसिटरकडून लेखी मागा.

सॉलिसिटर नेमताना दोन नियम तुमच्या बाजूने आहेत. भरपाईच्या टक्क्यात फी लावायला बंदी आहे, त्यामुळे "वीस टक्के द्या" म्हणणाऱ्यापासून उठून या. आणि त्याच २०१५ च्या कायद्याच्या सेक्शन १५० प्रमाणे काम हाती घेताना खर्चाची लेखी नोटीस त्यांनी द्यायचीच असते. तिच्यात हे प्रश्न लिहून उत्तर घ्या : दावा हरला तर तुमची फी किती, समोरच्याचा खर्च कोण भरणार, जिंकलो पण सेक्शन ८ मुळे खर्च कापला गेला तर ती तूट कोण सोसणार. "नो विन, नो फी" म्हटलं की लोकांना वाटतं आपल्याला काहीच पडत नाही. जिंकल्यावर खर्च नाकारला गेला, तर त्या करारात ही तूट बहुतेक वेळा अशिलाकडेच येते. तुमच्या बाबतीत उशीर सॉलिसिटर येण्याआधी झालेला आहे, तेव्हा ते आनंदाने सोसतील अशी आशा धरू नका. पण आधीच बोललात तर फीमध्ये फरक पडू शकतो.

दावा कोर्टाबाहेर मिटला तर सेक्शन ८ लागू करायला न्यायाधीशच नसतात. पण समोरची इन्शुरन्स कंपनी "नोटीस दहा आठवड्यांनी आली" हे घासाघीस करताना टेबलावर ठेवणारच. तेव्हा देऊ केलेला आकडा खर्च वेगळा धरून आहे की खर्चासकट, हे आधी विचारा. "१५,००० अधिक खर्च" आणि "१८,००० सगळं मिळून" यात दुसरा आकडा मोठा दिसतो, पण हाती पहिल्यातलंच जास्त येऊ शकतं.

नाशिककर_डब्लिन

इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. ५ मार्चला मी सेंटरच्या ईमेलवर फॉर्मची प्रत मागितली होती. त्यात लिहिलं होतं की ओल्या फरशीवर पाटी नव्हती आणि आई पडल्या. उत्तर आलं नाही. हे नोटीस म्हणून धरता येईल का? आणि बोर्डाकडे अर्ज केला तर हे सगळं आपोआप होतं का? सासूबाईंना परत यावं लागेल का, हीसुद्धा काळजी आहे.

सीमा_लिमरिक

ताई, तो ईमेल म्हणजे तुमच्या हातातलं सगळ्यात मोलाचं कागदपत्र! लेखी आहे, दोन दिवसांच्या आत आहे, आणि चूक काय तेही त्यात आहे. पाटी नव्हती, हे वाक्य फार महत्त्वाचं. सेक्शन ८ ला नोटीस लेखी हवी आणि तिने चुकीचं स्वरूप सांगायला हवं. हा ईमेल नोटीसच आहे असं सॉलिसिटर ठामपणे मांडू शकतो. वादाला जागा उरतेच : पत्ता मॅनेजमेंटचा होता की मालक कंपनीचा, ईमेल सासूबाईंच्या वतीने होता का, "दावा करणार" असं म्हटलं नव्हतं. पण नोटीस म्हणून नाही टिकला तरी उशिरामुळे काही नुकसान झालं नाही हे दाखवायला तो पुरेसा भक्कम आहे. नव्या पत्रात त्याचा तारखेसह उल्लेख करा आणि प्रत जोडा. मूळ ईमेल डिलीट करू नका, हेडरसकट जपा. फॉरवर्ड केलेली प्रत पुरेशी नसते.

बोर्डाचं वेगळं आहे. बोर्डाकडे अर्ज केल्यावर ते समोरच्याला कळवतात खरं, पण तुमचा महिना तर संपलेला आहे, आणि अर्ज पूर्ण होऊन नोटीस जायला आणखी वेळ जातो. म्हणून पत्र आधी आणि वेगळं. अर्जाची फी ऑनलाइन ४५ युरो, पोस्टाने ९०. अर्जासोबत आता वैद्यकीय अहवाल लागतोच. २०२३ पासून तो नसलेला अर्ज अपुरा धरतात, आणि दोन वर्षांचं घड्याळ थांबतं ते पूर्ण अर्जाने. म्हणून डब्लिनच्या हॉस्पिटलकडे सासूबाईंच्या सहीने नोंदी आणि एक्स-रेची मागणी आजच टाका, तीही फुकट असते. फॉर्ममध्ये पीपीएस नंबर (आयर्लंडचा सरकारी ओळखक्रमांक) विचारतात आणि पाहुण्यांकडे तो नसतो. भरण्याआधी बोर्डाच्या मदतकेंद्राला विचारून घ्या, म्हणजे अर्ज परत येणार नाही.

पुढचा वेळ असा जातो. बोर्डाने भरपाईचा आकडा ठरवावा का, याच्या होकार-नकारासाठी समोरच्याला ९० दिवस. होकार दिला तर त्यानंतर मूल्यांकनाला साधारण नऊ महिने. आकडा आला की तुमच्याकडे २८ दिवस, समोरच्याकडे २१. तुम्ही गप्प बसलात तर नाकारला असं धरतात, समोरचा गप्प बसला तर स्वीकारला असं. नाशिकला पत्र पोचेपर्यंत २८ दिवसांतले दहा जातात, म्हणून पत्रव्यवहार डब्लिनच्या पत्त्यावर आणि ईमेलवर घ्या.

बोर्डापुढे सॉलिसिटरची फी साधारणपणे समोरच्याकडून मिळत नाही, ती तुम्ही भरता. आणि बोर्डाचा आकडा समोरच्याने स्वीकारला, तुम्ही नाकारला आणि कोर्टात त्याहून जास्त मिळालं नाही, तर तुमचा खर्च जातो, वर त्यांचाही तुमच्यावर येऊ शकतो. हे कलम सेक्शन ८ पेक्षा कितीतरी जास्त लोकांना चटका देतं. उलट बोर्डावरच प्रकरण मिटलं तर सेक्शन ८ चा प्रश्न फारसा येतच नाही, कारण ते "खटला ऐकणाऱ्या कोर्टाला" सांगितलेलं आहे. तुमच्या प्रकरणात उशीर असल्यामुळे बोर्डाचा आकडा वाजवी आला तर तो स्वीकारण्याकडे माझा कल राहील.

माधव_ठाणे

इथे भारतात वकिली करतो, म्हणून फक्त एक गल्लत दूर करतो. आपल्याकडे सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. ती नसेल आणि तातडीची परवानगीही घेतली नसेल तर दावाच चालत नाही. त्यामुळे नाशिकमधला कोणी ओळखीचा वकील "नोटीस नाही, म्हणजे संपलं" म्हणाला तर ते भारतातल्या हिशेबाने. वर वसंतरावांनी सांगितलेलं आयरिश सेक्शन ८ वेगळ्या जातीचं आहे, ते दाव्याचं दार बंद करत नाही. ८ आणि ८० हे आकडे सारखे दिसतात म्हणून लोक गोंधळतात.

वसंत_कॉर्क

माधवरावांचा खुलासा योग्य. आता नाशिकला राहण्याचा परिणाम, कारण तोही खर्चाचाच विषय आहे.

दावा लावणारी व्यक्ती युरोपियन युनियनच्या बाहेर राहत असेल, तर समोरचा पक्ष कोर्टाकडे "सिक्युरिटी फॉर कॉस्ट्स" मागू शकतो. म्हणजे तुम्ही हरलात तर आमचा खर्च भारतातून कसा वसूल करणार, आधी काही रक्कम जमा करा. त्यासाठी त्यांना आपला बचाव वरवर तरी टिकणारा आहे असं दाखवावं लागतं, आणि हुकूम देणं कोर्टाच्या हाती असतं. हायकोर्टात व्यक्तीच्या बाबतीत अंदाजित खर्चाच्या एक-तृतीयांशाची प्रथा आहे. ओल्या फरशीचा साधा दावा तिथवर जाण्याचं कारण नाही, पण सर्किटमध्येही अशी मागणी येऊ शकते. सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत विचारा, कारण ही जमा रक्कम कुठून येणार याचा विचार घरात आधी झालेला बरा.

सासूबाईंना ताबडतोब परत यावं लागत नाही. पत्र, बोर्डाचा अर्ज, नोंदी, सगळं दुरून होतं. बोर्ड स्वतंत्र डॉक्टरकडून तपासणी सांगू शकतं. त्याची सोय कशी करायची ते अर्ज करतानाच विचारा. खटला उभा राहिला तर साक्षीला त्यांची गरज पडेल.

समन्स समोरच्याला बजावलं की २१ दिवसांच्या आत, त्यातला मजकूर खरा आहे असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं (२००४ च्याच कायद्याचं सेक्शन १४). तेही चुकलं तर त्यावरूनही कोर्ट निष्कर्ष काढतं आणि खर्चाला पुन्हा कात्री. ते भारतात नोटरी पब्लिकपुढे करता येतं. मुंबईत आयर्लंडचा वाणिज्य दूतावास २०१९ पासून आहे, तिथे ही सोय मिळते का ते सॉलिसिटरला विचारायला लावा. सासूबाईंना इंग्रजी नीट वाचता येत नसेल तर त्यांनी इंग्रजी मसुद्यावर नुसती सही करू नये. प्रतिज्ञापत्र मराठीत करून सोबत भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. साक्षीत "मला हे वाचून कोणी दाखवलंच नाही" असं त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, तर अडचण त्यांचीच होते.

दोन वर्षांची मुदत मोजताना अपघाताचा दिवस धरतात. ३ मार्चचा अपघात म्हणजे दोन वर्षांनंतरचा २ मार्च हा शेवटचा दिवस. बोर्डाकडे पूर्ण अर्ज नोंदला गेला की घड्याळ थांबतं, आणि परवानगी मिळाल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा चालू होतं. शेवटच्या आठवड्यात अपुरा अर्ज टाकला आणि तो अपुरा म्हणून परत आला, की मग माधवराव म्हणतात तसं दार खरोखरच बंद होतं. या वर्षीच अर्ज पूर्ण करा.

सीमा_लिमरिक

एक राहिलं. भारतातून काढलेला प्रवासविमा असेल तर त्या कंपनीलाही कळवा. हॉस्पिटलचं बिल त्यांनी भरलं असेल तर त्या पैशांवर त्यांचा हक्क निघू शकतो, आणि तडजोड झाल्यावर ते कळलं तर हाती आलेल्या रकमेतून द्यावे लागतात. फिजिओच्या पावत्या रुपयांत असल्या तरी चालतील. प्रत्येक पावतीवर सासूबाईंचं नाव, तारीख आणि "डावं मनगट" असं लिहून घ्या. नुसतं "फिजिओ" लिहिलेल्या पावत्या गुडघ्याच्या जुन्या दुखण्याच्या आहेत असं म्हणायला समोरच्याला वाव मिळतो.